मीठ ‘सी’ वर्गातलं

आमचा भाचा पुण्यात सप्लाय चेन मॅनेजमेंट घेऊन बीबीए करतोय. विचारणाऱ्यांना आजी ‘मालट्रकचं शिकतोय’ म्हणून मोकळी होते. तेच बरं. त्यालाच विचारलं, तर तासाभराची निश्चिंती.

या मुलांना ओळखणं सोपं. ‘अरे, दूध संपलं,’ म्हटलं की तुमचा-आमचा मुलगा पिशवी उचलतो. हा खुर्ची ओढून बसतो. रीऑर्डर पॉइंट ठरवला होता का? सेफ्टी स्टॉक किती? मग मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस शेकडो जहाजं कशी खोळंबली, इथवर तो येईतो डेअरीचं शटर खाली आलेलं असतं.

पहिल्या सेमिस्टरला त्यानं ताईच्या स्वयंपाकघराचं एबीसी अॅनालिसिस केलं. ज्यात पैसा अडकतो ते ‘ए’: केशर, काजू, वेलदोडे. किरकोळ ते ‘सी’. डब्यांना चिठ्ठ्या लागल्या. केशराची रोज सकाळी मोजदाद, काडी न् काडी. मीठ ‘सी’त, त्याच्याकडे तिमाहीला एकदा बघायचं. ताईच्या नणंदेकडची मंडळी जेवायला आली, त्या दिवशी मिठाचा डबा खडखडीत!

‘केशर मात्र बरोब्बर जुळतंय,’ अळणी आमटीचा भुरका मारत तो म्हणाला.

पुढच्या सेमिस्टरला बुलव्हिप इफेक्ट. चौघं यायची म्हणून आजीनं पाच सांगितली, ताईनं सातांचा भात टाकला, भाऊजी दहाजणांची जिलबी घेऊन आले. याचा आनंद गगनात मावेना. प्रॉक्टर अँड गॅम्बलला डायपरच्या बाबतीत हेच आढळलं होतं म्हणे: बाळांची गरज रोजची तेवढीच, पण दुकानापासून कारखान्यापर्यंत ऑर्डरचे चढउतार वाढतच जातात. उरलेला भात फोडणीला टाकून आम्ही संपवत होतो, तेव्हा हा ताटाशेजारी वही ठेवून त्याचा आलेख काढत होता.

इंटर्नशिपच्या मुलाखतीला तो चाकणला दीड तास उशिरा पोचला. साहेबांनी कारण विचारलं. यानं फळ्यावर तळेगाव चौक काढला, कंटेनर काढले, बॉटलनेकला लाल गोल केला. साहेबांचाही माल सकाळपासून त्याच चौकात अडकलेला. पोराला जागच्या जागी ठेवून घेतलं.

सध्या तो गिऱ्हाइकांचे फोन घेतो. माल काही वेळेवर पोचत नाही. पण फोन ठेवताना गिऱ्हाईक ‘थँक्यू’ म्हणतं.