पाच लाखांच्या आतला संसार

प्रति,
वित्तीय सेवा विभाग, अर्थ मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : ठेव विम्याची मर्यादा कृपया न वाढवण्याबाबत

महोदय,


फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दाराशी ठेवीदारांची रांग लागली आणि काही दिवसांतच आपल्या सचिवांनी सांगितले की, पाच लाखांची विमा मर्यादा वाढवण्याचा विचार चालू आहे. तेव्हापासून मला झोप नाही. माझा सगळा संसार त्या पाच लाखांवर बेतलेला आहे हो!

मी निवृत्त माणूस. फंडाचे पैसे आले तेव्हा सगळे एकाच सहकारी बँकेत टाकणार होतो. मॅनेजर ओळखीचा, ज्येष्ठांना व्याज थोडे जास्त, शिवाय दरवर्षी कॅलेंडर. पण नियम वाचला. बँक बुडाली तर एका बँकेत एका माणसाला विमा पाच लाखांचा, मग शाखा कितीही असोत. आणि व्याजही त्यातच धरायचे. म्हणजे पुरते पाच लाख ठेवले की पहिल्या तिमाहीचे व्याज उघड्यावर. तेव्हापासून मी चार लाख साठ हजारांची वेस ओलांडत नाही.

खरी गंमत पुढेच कळली. संयुक्त खात्याला वेगळे संरक्षण, आणि नावांचा क्रम बदलला की आणखी वेगळे! 'मी आणि ही' हे एक खाते, 'ही आणि मी' हे दुसरे. ३५ वर्षांच्या लग्नात हिचे नाव माझ्याआधी पहिल्यांदा लागले ते आपल्या ठेव विमा महामंडळाच्या कृपेने. मुलाला मध्ये घेतले तर तिघांची नावे सहा प्रकारे लिहिता येतात. सहा खाती, तीस लाख, एकच बँक. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढा हिशेब त्या बँकेच्या संचालकांनी केला असता तर?" हल्लीची मुले फार बोलतात.

त्यात आता एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. पैसे मिळतील की नाही ते ठाऊक नसले, तरी ते कोणाकोणाला मिळणार नाहीत हे नावानिशी लिहून ठेवता येते. समोरच्या पतसंस्थेत हा ताप नाही. तिला हा विमाच नाही.

महोदय, घाई आपल्या परंपरेतही बसत नाही. १९६० साली पलाई सेंट्रल आणि लक्ष्मी या बँका बुडाल्या, मग १९६१ चा कायदा आला. विमा पंधराशे रुपयांचा. १९९३ साली लाख झाले ते २७ वर्षे लाखच राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या ठेवीदारांना सहा महिन्यांत हजार रुपये काढा म्हणून सांगितले, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. बँकेवर निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत विम्याचे पैसे द्यायची दुरुस्ती २०२१ ची. पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार तेव्हा २०१३ पासून वाट पाहत होते. आपला कायदा नेहमी तेराव्याला येतो. जेवणात मात्र काही कमी पडू देत नाही, हे कबूल.

म्हणून मर्यादा वाढणार असे ऐकले की मी आधी विचारतो, कोणती बँक गेली?

बँकेची तपासणी करायला रिझर्व्ह बँक आहे, लेखापरीक्षक आहेत, संचालक मंडळ आहे. शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला फार तर बारा पैसे हप्ता बँक भरते. उरलेले काम मी करतो : ताळेबंद वाचणे, थकीत कर्जांचा आकडा शोधणे, मॅनेजरच्या चेहऱ्यावरचा रंग पाहणे. मर्यादा दहा लाख केलीत तर माझी निम्मी पासबुके रिकामी. सकाळी उठून मी करायचे काय?

शिवाय घरात आत्ताच वाद पेटला आहे. एक खाते बंद करावे लागलेच, तर 'मी आणि ही' की 'ही आणि मी'? हिने स्लिप भरून ठेवली आहे. पहिल्या खात्याची.

पाच लाखांपर्यंत आपला विश्वासू,
एक ठेवीदार