मलिदा आणि प्रवेशअर्ज

न्यू जर्सीत राहणारा बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, बाप मुलीसाठी ज्यू हायस्कूल शोधायला निघतो, तेव्हा त्याला वाटतं, आपण शाळा पारखणार. मी तर प्रश्नांची यादीच घेऊन गेलो होतो. माझं शिक्षण माझगावच्या सर एली कदुरीत झालं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली सुरू केलेली ती आमची शाळा. माझ्या वेळी वर्गात ज्यू मुलं इतकी थोडी, की धर्माची काही शंका निघाली की बाई माझ्याकडे बघायच्या. त्या अधिकारावर मी आजवर जगलो. तो प्रवेशअर्जाच्या दुसऱ्या पानावर संपला.

पंथ कोणता? ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह की रिफॉर्म? ठाण्यात आम्हाला दोनच पंथ ठाऊक: दर शनिवारी सिनेगॉगमध्ये येणारे आणि योम किप्पुरला तोंड दाखवणारे. मी तिन्ही चौकटींत खूण केली. बायकोने काही न बोलता दुसरा अर्ज छापला.

खाली आईवडिलांचा लग्नाचा करारनामा, म्हणजे केतुबा, मागितला होता. आपण पूर्ण ज्यू आहोत हे इस्रायलमध्ये मान्य करून घ्यायला आमच्या लोकांना १९६४ पर्यंत झगडावं लागलं. त्या गोष्टी ऐकत वाढलेला माणूस जोखीम कशी घेईल? केतुब्यासोबत आजोबांचा टोपीतला फोटो, मेंदीचा अल्बम आणि पेणच्या वाडीचा सातबारा असा सगळा ऐवज घेऊन मी मुलाखतीला हजर झालो. प्रवेश बघणाऱ्या बाई सातबाऱ्यावर बराच वेळ अडकल्या.

मग त्यांनी विचारलं, "गेमारा कुठवर झालंय?"

या शाळेत अर्धा दिवस तनाख, तालमूद आणि हिब्रू, उरलेल्या वेळात गणित-विज्ञान. आठला गेलेली पोरं पाचला सुटतात. गेमारा, म्हणजे तालमूदमधलं भाष्य, आहे अरामी भाषेत. आमच्या घरी प्रार्थना देवनागरीत छापलेल्या हिब्रूतून होते, अर्थाचं देव बघून घेतो. मी इतिहासात शिरलो. नवगावच्या किनाऱ्याला फुटलेलं जहाज, वाचलेली सात जोडपी, बुडालेले ग्रंथ, ध्यानात राहिलेली तेवढी 'शेमा' ही प्रार्थना, कोकणातले तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद म्हणून पडलेलं 'शनवार तेली' हे नाव. ग्रंथच बुडाले तर गेमारा येणार कुठून, या बिनतोड मुद्द्यापाशी मी पोचतोय, तोच मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, मुलाखत माझी आहे ना?" पुढचं सगळं ती हिब्रूत बोलली. दोघी मध्येच हसल्या. मीही हसलो, जरा उशिरा.

फी वर्षाला तीस हजार डॉलरच्या पुढे. फोनवर आईने तिचे रुपये केले, थोडी थांबली आणि म्हणाली, "एवढ्यात मराठी शिकवतात का रे?" सवलतीच्या अर्जात गाडीचं मॉडेल आणि सुट्टीतल्या प्रवासाचा खर्चही भरायचा होता. मुंबईवारी मी 'कौटुंबिक कर्तव्य' या सदरात टाकली आणि पुरावा म्हणून आत्यांची यादी जोडली.

प्रवेश मिळाला, अर्थात मुलीच्या जिवावर. माझ्या भाषणातला फक्त मलिदा बाईंच्या लक्षात राहिला होता: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळं आणि प्रेषित एलियाहू हानाबीचं नाव. नव्या पालकांच्या संध्याकाळी तो करून दाखवाल का, असं त्यांनी विचारलं. ही एक परीक्षा आपल्याला जमेल म्हणून मी ताबडतोब होकार दिला. दुसऱ्या दिवशी ईमेल आली: घरचं काही चालणार नाही, कोशरचा, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसल्याचा, छाप असलेली बंद पाकिटं आणा, शाळेच्या स्वयंपाकघरात करा.

म्हणून रविवारी एडिसनच्या ओक ट्री रोडवर, चष्मा कपाळावर चढवून, मी पोह्यांची पाकिटं उलटीसुलटी करत उभा होतो. दुकानदार जवळ येऊन म्हणाला, "काका, तारीख बघताय? माल ताजा आहे." कोशर म्हणजे काय हे त्याला नीट कळावं, म्हणून मी नवगावच्या जहाजापासून सुरुवात केली. मुलगी ट्रॉली घेऊन बिलाच्या रांगेत निघून गेली.