मोल सर

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली आमच्या प्रवरानगरला उभा राहिला. तेव्हापासून या पट्ट्यात शेंबड्या पोरालाही उसाचा उतारा कळतो. आमचे मोल सर मात्र थेट साखरेच्या रेणूंवर उतरतात.

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण खडू काही हातातून सुटला नाही. किराणा दुकानात जाऊन म्हणतात, "तीन मोल साखर दे."

"सर, मोलभाव नंतर. वजन बोला."

"एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. तिनाचे किती?"

दुकानदार मुकाट्याने किलोची पुडी सरकवतो. "२६ ग्रॅम कमी," सर म्हणतात.

युरियाची गोणी घेऊन जाणारा शेतकरी दिसला, की त्याची मोटारसायकल थांबलीच म्हणायची. "युरियाच्या सूत्रातला कंसाबाहेरचा दोन विसरू नको! तो कंसातल्या दोघांनाही लागतो. कार्बन एक, ऑक्सिजन एक, नायट्रोजन दोन, हायड्रोजन चार. झाले आठ अणू. रेणूभार ६०, त्यात नायट्रोजन २८. म्हणून तर गोणीवर ४६ टक्के छापलंय. तुझ्या ४५ किलोत ७५० मोल आहेत!"

"ते असू द्या सर, एकरी किती टाकू?"

"ते कृषी सहायकाला विचार."

एकदा मीच विचारलं, "सर, एका मोलात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात एवढे रेणू. मोजले कुणी?"

सरांनी रस्त्यावरून डुलत चाललेल्या उसाच्या बैलगाडीकडे बोट केलं. "कारखान्यात टिपरू न् टिपरू मोजतात का? गाडी काट्यावर घेतात. एका टिपराचं वजन ठाऊक असलं, की गाडीतली टिपरं निघाली. मोल म्हणजे रेणूंचा वजनकाटा!"

शाळेत तीन वर्षं जे डोक्यावरून गेलं, ते त्या बैलगाडीने पोचवलं.

पुढे सरांनाच साखर निघाली. डॉक्टरांनी चहा बिनसाखरेचा केला. सर गयावया करत होते, "अहो, अर्धाच चमचा. दोन ग्रॅम. मोलाचा शंभरावा भागसुद्धा नाही!"

काकूंनी जन्मात पहिल्यांदा विचारलं, "त्यात रेणू किती हो?"

सरांचा चेहरा उजळला. चष्मा चढला, बोटं हवेत फिरली. "पस्तिसावर वीस शून्यं! आणि एकेका रेणूत पंचेचाळीस अणू!"

"अगं बाई, एवढे?" म्हणत काकूंनी डबा वरच्या फळीवर ठेवला.