कपाळावरचं नाक

शिरूर तालुक्यातल्या इनामगावात तीन हजार वर्षांपूर्वी प्रौढ माणूस मेला की त्याचे घोट्याखालचे पाय तोडून त्याला घरातच पुरत. परत उठून हिंडू नये म्हणून, असा अभ्यासकांचा कयास. आता सुंदर दिसण्यासाठी कापाकापी जिवंतपणीच होते, तीही हप्त्यांवर.

तिथेच मातीची एक देवी सापडली, बिनडोक्याची. तिचा सुरकुत्यांचा प्रश्नच मिटला. बाकीच्यांना बोटॉक्स, तीन-चार महिन्यांत उतरतं, की पुन्हा सुई.

नाकाची विद्या मात्र आपलीच. टिपूच्या लोकांनी कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचं नाक कापलं. पुण्याजवळ एका कारागिराने मेणाचा साचा कपाळावर ठेवून तेवढी कातडी सोडवली, खाली वळवली आणि नाक बसवलं. १७९४ साली ही हकिकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली. भूल नव्हती. आधीचा-नंतरचा फोटो तर नव्हताच.

आज टक्कल पडलेला लग्नाळू पोरगा विचारतो, “डॉक्टर, केस आणणार कुठून?”

“तुझ्याच डोक्याच्या मागून.”

म्हणजे मागच्या विहिरीचं पाणी पुढच्या वावराला. विहीरच कोरडी असली तर? घोड नदीकाठच्या इनामगावच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.