पाचशे चौरस फुटांची बाग : अंदाजपत्रक मांडण्याची रीत

घरामागच्या बागेचे अंदाजपत्रक दोन प्रतींत करण्याची पद्धत आहे. एक घरात दाखवायची, दुसरी खरी. पहिलीत झाडे असतात; दुसरीत माती, पाणी आणि टेम्पोचे भाडे. उदाहरणादाखल पुण्याच्या उपनगरातल्या रो-हाऊसमागची 500 चौरस फूट मोकळी जागा घ्यावी.

जागा मोकळी दिसते एवढेच. पहार मारली की वीतभर खाली बिल्डरचे गुप्तधन लागते : सिमेंटची कुजकी पोती, फरशीचे तुकडे, वायरची भेंडोळी आणि एक चप्पल, बहुधा डाव्या पायाची. हा राडारोडा उकरण्याचे पैसे पडतात, उचलून नेण्याचे वेगळे पडतात.

मातीचा हिशेब अगदी सोपा असतो, म्हणून तो कोणी करत नाही. एवढ्या जागेवर सहा इंचांचा थर म्हणजे 250 घनफूट. ब्रास 100 घनफुटांचा, तेव्हा अडीच ब्रास. पहिल्या पावसात माती बसते, म्हणून तीन धरावी. ट्रकवाला ती फाटकाबाहेर ओततो आणि निघून जातो. तिथून मागच्या अंगणापर्यंत घमेल्याने वाहण्याची मजुरी आधी ठरत नाही. ती संध्याकाळी पाचला, आभाळ भरून आल्यावर ठरते. शेणखत पुरते कुजलेले घ्यावे. कच्चे स्वस्त पडते, पण त्याच्यासोबत हुमणी आणि शेजाऱ्यांची मते फुकट येतात.

हिरवळीच्या गालिच्याची किंमत हा खर्च नव्हे, ती अनामत. खर्च पाण्याचा. आठवड्याला 25 मिलिमीटर पाणी धरले, तर चौरस मीटरला 25 लिटर होतात. ही बाग सुमारे 46 चौरस मीटरची. म्हणजे आठवड्याला साडेअकराशे लिटर, महिन्याला दहा हजारी टँकरचा जवळपास निम्मा. मे महिन्यात तेवढ्यानेही भागत नाही. हा आकडा सोसायटीच्या सभेत चारचौघांत उच्चारू नये.

रोपांची यादी करून उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांकडे जावे आणि शक्यतो लहान गाडी न्यावी. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन भरते. ते पाहण्याआधी हे कलम बंद करावे, असा नियम आहे. तो पाळल्याचे उदाहरण आढळत नाही. वास्तुविशारदाच्या आराखड्यात नसलेला कढीपत्ता, गवती चहा आणि गणपतीसाठी तांबडी जास्वंद यांची तरतूद आधीच करावी, कारण ती झाडे येतातच, आणि नेमकी हिरवळीच्या मधोमध येतात. हापूसचा हट्ट मात्र गणिताने मोडता येतो. पारंपरिक लागवडीत आंब्याच्या दोन झाडांत 10 मीटर अंतर राखतात. म्हणजे एका झाडाला 100 चौरस मीटर, या बागेच्या दुपटीहून जास्त. गणित पटते. कलम तरीही येते, आणि कंपाउंडच्या भिंतीला चिकटून लागते.

शेवटचे कलम ‘किरकोळ’. त्यात पाइप, तोटी, तोटीला न बसणारा जोड आणि तो बदलून आणण्याचे पेट्रोल धरावे. माळ्याचा पगार याच कलमात जातो. त्याची गावाकडची रजा वैशाखात येते. दुसऱ्या वर्षीच्या अंदाजपत्रकात हिरवळ दिसत नाही. त्या ओळीवर कपडे वाळत घालायची तार असते, दोन लोखंडी खांबांसह.