एक प्रश्न जादा

आमच्या घरात वाद जिंकल्यावर थांबायची पद्धत नाही. जिंकलेला वाद पहिल्यापासून पुन्हा सांगायचा, मध्येच आलेल्या पाहुण्यालाही ऐकवायचा, आणि तो बिचारा 'बरोबर आहे तुमचं' म्हणाला तर ते का बरोबर आहे हे त्याला चहा संपेपर्यंत पटवायचं, ही आमच्या साताऱ्याच्या घरची रीत. त्यात माझ्या वाट्याला शालेय वक्तृत्व स्पर्धा आल्या. 'अध्यक्षमहाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' म्हणून एकदा छाती भरून घेतली की विषय 'पाणी अडवा, पाणी जिरवा' असो की 'माझा आवडता नेता', घंटेपर्यंत मी हटायचो नाही आणि घंटेनंतर तर नाहीच. 'हा वकील होणार' यावर घरात एकमत होतं. आमच्याकडे एकमत झालेली ती एकमेव गोष्ट, म्हणून मीही तिच्यावर विश्वास ठेवला.

पुढे संख्याशास्त्र शिकायला अमेरिकेत, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात गेलो. तिथे सत्राच्या सुरुवातीला सगळी विद्यार्थी मंडळं हिरवळीवर टेबलं मांडून नवी गिऱ्हाइकं गाठतात. एका टेबलामागे ऐन उन्हात सूट घातलेली मुलं घामाघूम होऊन उभी होती. पाटी होती 'मॉक ट्रायल'. इथे काय करायचं असतं, असं विचारल्यावर उत्तर आलं, "भांडायचं." मी तिथल्या तिथे नाव नोंदवलं.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ते बेणारेबाईंचं? त्याचा शेवट काही चांगला होत नाही रे." तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधला खोटा खटला एवढंच आमच्या घराचं या विषयातलं ज्ञान. काकांचं तसं नव्हतं. त्यांचं उभं आयुष्य जिल्हा न्यायालयात गेलेलं.

"म्हणजे लॉला ॲडमिशन घेतलीस?"

"नाही काका. इथे लॉ पदवीनंतर करतात. आमच्या टीममध्ये कुणी जीवशास्त्राचा आहे, कुणी संगीताची."

"आमच्या कॉलेजात मूट कोर्ट असायचं. नुसता कायद्याचा कीस. साक्षीदार नसायचाच."

"इथे साक्षीदार असतात. सरतपासणी, उलटतपासणी, सगळं."

"बरं. खटला चालतो किती?"

"तीन तास."

"एका तारखेला?"

"नाही, सगळा मिळून तीन तास."

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग, "अरे, मग वकील खातो काय? आणि निकाल?"

"निकालाला महत्त्व नाही. कोण कसं बोललं त्याचे गुण देतात."

"हां," काकांचा जीव भांड्यात पडला. "मग आहे आपल्यासारखंच."

प्रकरण मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच गंभीर निघालं. अमेरिकन मॉक ट्रायल असोसिएशन ही संस्था १९८५ साली आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाच्या लॉ स्कूलचे डीन रिचर्ड कॅल्किन्स यांनी काढली. ती दर ऑगस्टमध्ये देशभरातल्या टीमना एकच बनावट खटला पाठवते. अ‍ॅफिडेव्हिट्स, नकाशे, तज्ज्ञांचे अहवाल, कलमं, जुने निवाडे असा सगळा गठ्ठा. घटना घडते मिडलँड्स नावाच्या राज्यात, जे नकाशावर नाही पण ज्याचा पुराव्याचा कायदा मात्र तोंडपाठ लागतो. साक्षीदारांची नावंही अशी की मुलगा उभा राहिला काय आणि मुलगी काय, चालून जातं. एका बाजूला तीन वकील आणि तीन साक्षीदार. दोन्ही बाजू तयार ठेवायच्या, म्हणजे सकाळी ज्याला खुनी ठरवायचं त्यालाच दुपारी गाईसारखा गरीब म्हणायचं. फेब्रुवारीत रीजनल, मार्चमध्ये पुढची फेरी आणि एप्रिलमध्ये निवडक ४८ टीमची राष्ट्रीय स्पर्धा. आमची टीम रीजनलच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती. मी आलो म्हणजे आता जाईल, असं माझं मत होतं.

ट्रायआउटमध्ये प्रास्ताविकाचं भाषण करायचं होतं. मी केलं. सुरुवातीला ज्यूरीला अभिवादन, मग न्यायाची महती, मग लोकशाही, मग एक दृष्टांत. आरोपीपर्यंत पोहोचेतो वेळ संपला. आमची कोच दिवसा सरकारी वकील होती. तिने विचारलं, "आणि मेलं कोण?" ते सांगायचं राहिलंच होतं.

मला साक्षीदार करण्यात आलं. शवविच्छेदन करणारा डॉक्टर. भारतीय मुलगा, वर चष्मा, दुसरं काय करणार? मला थोडं लागलं, पण साक्षीदारालाही दहापैकी गुण असतात हे कळल्यावर मी ते काम गांभीर्याने घेतलं. जरा जास्तच.

मॉक ट्रायलमधल्या साक्षीदाराने आपल्या अ‍ॅफिडेव्हिटबाहेरचा महत्त्वाचा तपशील पदरचा घालायचा नसतो. माझ्या डॉक्टरचं शिक्षण त्या नसलेल्या मिडलँड्समध्ये झालं होतं. पण स्पर्धेच्या दिवशी खुर्चीवर बसलो, समोर ज्यूरीच्या जागी गुण देणारे दोन वकील बसलेले पाहिले, आणि मला अध्यक्षमहाशय दिसू लागले. अनुभव विचारताच मी म्हणालो की मिडलँड्समध्ये तर शिकलोच, पण खरा हात बसला तो पुण्याच्या ससून रुग्णालयात. पुढे पावसाळ्यात मृतदेहांचं काय होतं यावरही बोललो. प्रतिपक्षाची वकील उठली. एकोणीस वर्षांची, शांत, पशुवैद्यक व्हायचं असलेली मुलगी.

"डॉक्टर, हे अ‍ॅफिडेव्हिट तुमचंच?"

"हो."

"महत्त्वाचं सगळं यात लिहिलंय, अशी शपथ घेऊनच सही केलीत ना?"

"हो."

"यात 'ससून' हा शब्द कुठे आहे तो ज्यूरीला दाखवाल?"

मी कागद चाळले. उलटे करून पाहिले. शब्द नाही हे मला माहीत होतं, पण चाळताना निदान बोलावं लागत नव्हतं.

त्याहून वाईट माझ्याच बाजूचं झालं. सरतपासणीला तिन्ही साक्षीदारांत मिळून पंचवीस मिनिटं असतात. त्यातली निम्म्याहून जास्त ससूनने आणि पावसाळ्याने खाल्ली. आमची तिसरी साक्षीदार पियानो शिकणारी होती. तिने मृताच्या बहिणीची भूमिका रडण्यासकट बसवली होती. तिला नाव सांगण्यापुरता वेळ मिळाला. ती रडली, पण ते खटल्यानंतर, पार्किंगमध्ये.

दुसऱ्या सत्रात आमचा एक वकील शिकायला स्पेनला गेला आणि त्याची जागा नाइलाजाने माझ्याकडे आली. कोचने माझ्या हातात अर्व्हिंग यंगर यांच्या दहा आज्ञा ठेवल्या. हे यंगर वकील, न्यायाधीश आणि कायद्याचे प्राध्यापक. उलटतपासणीवरचं त्यांचं व्याख्यान तिकडे शिकाऊ वकिलांना वेदासारखं ऐकवतात. थोडक्यात बोला. छोटे प्रश्न विचारा, तेही उत्तर प्रश्नातच असलेले. ज्याचं उत्तर माहीत नाही ते विचारू नका. साक्षीदाराशी भांडू नका. त्याला खुलासा करू देऊ नका. एक प्रश्न जादा विचारू नका. जे सिद्ध करायचं ते शेवटच्या भाषणासाठी राखून ठेवा. यादी वाचून मला वाटलं, यांनी आमच्या घरात आठ दिवस राहून जे जे पाहिलं त्यावर बंदी घातली आहे.

सराव म्हणून आईला फोन लावला. कोचने सांगितलं होतं, एका प्रश्नात एकच गोष्ट आणि समोरच्याने फक्त 'हो' म्हणायला हवं.

"आई, तू आज मंडईत गेलीस, बरोबर?"

"का रे? पैसे संपले का?"

"आई, फक्त हो किंवा नाही. तू मेथी घेतलीस."

"तुला कुणी सांगितलं? शेजारच्या वहिनींनी ना? आणि त्यांनी किती दिले जुडीला, ते सांगितलं?"

पाच मिनिटांत मी काय जेवलो, कुणाबरोबर जेवलो आणि ती कुठली, एवढं तिने माझ्याकडून वदवून घेतलं. मराठी आईला यंगर लागू पडत नाहीत, हे माझं मत मी पुढच्या सरावात कोचलाही कळवलं. त्याच सरावात कुणीतरी विचारलं की भारतात ज्यूरीसमोर कसं बोलतात. मी नानावटी खटला सांगायला घेतला. १९५९ सालची मुंबई, नौदलाचा अधिकारी, तीन गोळ्या, ज्यूरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवणं, तो कौल न मानता न्यायाधीश मेहतांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवणं. हा आपल्याकडचा शेवटचा ज्यूरी खटला होता असं घरोघरी सांगतात ते खरं नाही, ज्यूरी कायद्यातून पूर्ण गेली ती १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, हाही मुद्दा मी सविस्तर मांडला. सगळ्यांना गोष्ट फार आवडली. त्या संध्याकाळी सराव मात्र झाला नाही.

वकील म्हणून पहिल्यांदा उभा राहिलो तो आमच्याच विरुद्ध. सरतपासणीत सूचक प्रश्न ऐकला की उठून हरकत घ्यायची, हे माझ्या अंगात इतकं भिनलं होतं की आमचीच वकील आमच्याच साक्षीदाराला "तेव्हा अंधार होता ना?" असं विचारती झाली आणि मी ताडकन उठून "ऑब्जेक्शन!" म्हणालो. न्यायाधीश शनिवारची हौस म्हणून आलेले विम्याचे वकील होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सस्टेन्ड." ती माझ्याशी दोन आठवडे बोलली नाही.

आणि मग रीजनल. एका काउंटीचं खरं कोर्ट, खरी लाकडी चौकट, खरा झेंडा. माझ्या वाट्याला शेजारीणबाई आल्या, म्हणजे ती भूमिका करणारी मुलगी. आरोपीला रात्री खिडकीतून पाहिलं असं सांगणारी. प्रश्न मी कोचकडून घासून घेतले होते.

"रात्रीचे अकरा वाजले होते?"

"हो."

"रस्त्यावरचा दिवा बंद होता?"

"हो."

"तुम्ही चष्मा वापरता?"

"हो."

"आणि तो त्या वेळी तुमच्या डोळ्यांवर नव्हता, टेबलावर होता?"

"हो."

झालं होतं. इथे 'थँक यू' म्हणून बसायचं. बाकीचं शेवटच्या भाषणात आमची दुसरी वकील सांगणार होती. ज्यूरीतल्या एका बाईंनी तर मान डोलावून काहीतरी लिहिलंही. कोचने मागच्या बाकावरून बसण्याची खूण केली. पण जिंकलेला वाद पुन्हा सांगितल्याशिवाय आमच्या घरात कुणाला झोप लागत नाही. माझ्या तोंडून खणखणीत आवाजात निघालं, "मग बाई, तुम्हाला दिसलं कसं?"

ज्यूरीकडे वळण्याआधी त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. इतक्या प्रेमाने माझ्याकडे त्या देशात कुणी पाहिलं नव्हतं. "चष्मा वाचायचा आहे," ती म्हणाली. "जवळचं दिसत नाही. लांबचं मला लख्ख दिसतं. म्हणून तर खिडकीपाशी जाताना काढून ठेवला." हे तिच्या अ‍ॅफिडेव्हिटमध्ये होतं. मी त्या ओळीखाली पिवळी रेघही मारलेली होती. मग दिवा बंद असला तरी चांदणं होतं, तिचे वडील वनखात्यात होते, अंधारात माणूस चालीवरून ओळखायचं त्यांनीच शिकवलं, असं बरंच तिने सांगितलं. मला थांबवता येईना, कारण खुलासा मीच मागितला होता.

अशा वेळी रक्त काकांकडे धावतं. काकांनी एक हुकमी अस्त्र दिलं होतं. काहीच उरलं नाही की साक्षीदाराला म्हणायचं, तुम्ही खोटी साक्ष देताय. आपल्याकडच्या कित्येक साक्षींच्या कागदाचा शेवट 'हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे' याच ओळीने होतो. मी कोटाचं बटण लावलं आणि अस्खलित सातारी इंग्रजीत म्हणालो, "आय पुट इट टू यू, मॅडम, दॅट यू आर डिपोझिंग फॉल्सली!"

कोर्टात क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग विरुद्ध बाजूचा वकील जवळजवळ दिलगिरीने उठला. "ऑब्जेक्शन. आर्ग्युमेंटेटिव्ह?" शेवटी प्रश्नचिन्ह होतं. न्यायाधीशांनी हरकत मान्य केली आणि मला विचारलं, "काउन्सेल, आणखी काही?" मी "नो" म्हणालो. त्या दिवसातलं माझं ते सर्वांत छोटं वाक्य.

गुणपत्रिकेत प्रत्येक टीमला चौदा कामांचे दहा-दहा गुण असतात. उलटतपासणीत शेजारीणबाईंना दोन्ही परीक्षकांनी दहा दिले. मला एकाने तीन दिले, एकाने चार. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : आवाज उत्तम. लवकर बसावे.

काकांना फोन केला तर ते माझ्यावर नाही, परीक्षकांवर चिडले. "खोटी साक्ष हे विचारायचंच नाही? मग आरोपी सुटायचा कसा?" त्यांनी मला अपील करायचा सल्ला दिला. अपिलाची सोय तिथे नाही हे ऐकल्यावर अमेरिकेच्या न्यायव्यवस्थेबद्दल त्यांचं मत कायमचं बिघडलं.

पुढच्या मोसमात कोचने मला टाइमकीपर केलं. या माणसाकडे स्टॉपवॉच आणि कार्डं असतात, पाच मिनिटं उरली, एक मिनिट उरलं, संपलं. खटला चालू असताना त्याने तोंड उघडायचं नसतं. साक्षीदाराच्या भूमिकेतली मुलं ससूनकडे वळायला लागली की मी कार्ड डोक्याच्या वर धरत असे. त्या फेब्रुवारीत आमची टीम पहिल्यांदा रीजनलच्या पलीकडे गेली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी टाइमकीपरची जागा मला ट्रायआउट न घेताच देण्यात आली.