कॅपिटल अक्षरांचा जाच

पहिलीच्या लेकरांना आम्ही शिकवतो की इंग्रजीत नावाचं पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान. चौरेघी वहीत मोठं अक्षर वरच्या रेघेपासून सुरू करायचं, तिसऱ्या रेघेवर टेकवायचं, जी आणि वायचं शेपूट चौथ्या रेघेपर्यंत न्यायचं. वर्ष-दोन वर्षं गिरवून लेकराचा हात बसतो. मग शिष्यवृत्तीसाठी बँकेत खातं काढायला ते आईबरोबर जातं, तर फॉर्मच्या डोक्यावर छापलेलं असतं, सगळी अक्षरं कॅपिटलच भरा. परीक्षेचा अर्ज तसाच. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नावही तसंच, आधी आडनाव आणि अख्खं कॅपिटलमध्ये. शाळेत जे लिहिलं की गुण जातो, तेच बाहेर लिहिलं नाही तर अर्ज परत येतो. तक्रार छोटी आहे, पण रोजची आहे, आणि किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावात तिची किंमत लेकरांना मोजावी लागते.

आमच्या भागात कुणाच्या घरी गोंडी बोलतात, कुणाच्या घरी गोरमाटी. शाळेत आणि बाजारात मराठी, आदिलाबादकडच्या सोयऱ्यांशी तेलुगू. देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. किनवटचा क आणि कांद्याचा क एकच. त्यामुळे वाक्य कुठून सुरू होतं, नाव कोणतं, वाराचं नाव कोणतं, हे अक्षराच्या उंचीवरून दाखवायचं असतं, ही कल्पनाच लेकराला नवी असते. 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं. तो निर्णय मला पटला होता आणि आजही पटतो. शहरातल्या लेकरांनी बालवाडीत इंग्रजी शिकावं आणि आमच्यांनी पाचवीपर्यंत थांबावं, हे बरं नव्हतं. माझी तक्रार इंग्रजीबद्दल नाही. आपण इंग्रजी ज्या कोरडेपणाने तपासतो, त्याबद्दल आहे.

एक उत्तरपत्रिका डोळ्यांपुढे आहे. मुलीने सहस्रकुंड धबधब्यावर पाच ओळी लिहिल्या होत्या. पैनगंगा, काळा खडक, पावसाळ्यातला आवाज, सगळं आलं होतं. सहस्रकुंडचं स्पेलिंग, एस ए एच ए एस आर ए के यू एन डी, एकही अक्षर न गाळता लिहिलं होतं. त्याचं कौतुक कुठेच नव्हतं. रविवारचा एस लहान पडला म्हणून एक लाल गोल, मान्सूनचा एम मोठा लिहिला म्हणून दुसरा. वाराला मोठं अक्षर आणि ऋतूला लहान, असं का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मराठी आणि इंग्रजी या विषयांच्या नावांना मोठं अक्षर, गणिताला लहान. आईला हाक मारली तर मोठं, ‘माझी आई’ म्हटलं तर लहान. ‘मी’ मात्र कायम मोठा, वाक्यात कुठेही येवो. हे सगळं पाठ करायचं आणि चुकलं की गुण घालवायचा, एवढीच आपली शिकवण्याची रीत.

या मुलीला मी एक सांगितलं असतं. अमेरिकेची राज्यघटना 1787 साली लिहिली गेली, तेव्हा तिच्यात बहुतेक नामांना मोठं अक्षर होतं. त्या काळी इंग्रजीत ती पद्धत चालत होती, पुढे मागे पडली. जर्मन माणूस आजही प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने लिहितो. म्हणजे मान्सूनचा मोठा एम हा कुठल्या तरी काळी, कुठल्या तरी भाषेत बरोबरच ठरला असता. नियम शिकवावेत, जरूर शिकवावेत, पण ते छापणाऱ्यांनी आणि लिहिणाऱ्यांनी हळूहळू ठरवले, हेही त्याच तासाला सांगावं. कारण कळलेलं लेकरू तो नियम विसरत नाही.

स्पेलिंगचंही तेच. विल्यम कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत छापण्यामुळे स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली, आणि त्याच काळात इंग्रजांचे उच्चार मात्र बदलत राहिले. डेटमधला बी तर कधी कुणी उच्चारलाच नव्हता, लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी तो मागाहून घातला. आयलंडमधला एस असाच चुकीच्या व्युत्पत्तीतून चिकटला. तो शब्द शिकल्यावर चौथीतल्या एका पोराने गावच्या पाटीवरचं नाव ‘आयलापूर’ असं वाचलं. वर्ग हसला. पोराने शिकवलेला नियम अगदी बरोबर लावला होता, हे कुणी म्हणालं नाही.

मराठीत ऱ्हस्व-दीर्घाची भांडणं आहेत, तरी मराठी साहित्य महामंडळाने 1962 साली केलेले 14 नियम आणि 1972 साली घातलेले 4, असे 18 नियम समोर ठेवून भांडता येतं. इंग्रजीला असं महामंडळ नाही. जॉन्सनचा 1755 चा कोश एक सांगतो, वेबस्टरचा 1828 चा दुसरं. रंगाच्या स्पेलिंगमध्ये यू घालायचा की नाही, यावर दोन देश अजून वेगळे आहेत. आमच्या लेकराच्या हातातला मोबाइल अमेरिकेचं स्पेलिंग सुचवतो, पुस्तकात इंग्लंडचं असतं, आणि चूक लेकराच्या नावावर जाते.

खरा जाच नावाच्या स्पेलिंगचा आहे. आधी गावाच्याच नावाचं बघा. इस्लापूरचं सर्कल 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होतं. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात इस्लापूरचं नाव इंग्रजीत छापलेलं आहे. त्यात इस्लापूर आणि बोथ यांची पहिली अक्षरं मोठी, सर्कल आणि तालुका ही लहान अक्षरांत. मोठं अक्षर शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण आमच्या शाळांना मिळणार नाही. त्याच कायद्यात बीडचं स्पेलिंग बी एच आय आर आहे. आज ते कुणी लिहीत नाही. जिल्ह्याचं नाव बदललं तर सरकार सगळीकडे बदलून घेतं, लेकराचं बदललं तर त्याने स्वतः हिंडायचं.

तेलंगणाच्या सीमेवर राहिल्याने आमची नावं दोन पद्धतींनी लिहिली जातात. तेलुगू हात त ला टी एच लिहितो, मराठी हात नुसता टी. स्वाती इकडे एक, तिकडे दुसरी. ज्ञानेश्वर मराठीत डी एन वायने सुरू होतो, हिंदीच्या सवयीने जी वायने, तेलुगूच्या सवयीने जी एनने. चव्हाणांमधला ह शंकरराव चव्हाणांच्या स्पेलिंगमध्ये नव्हता, बऱ्याच घरांत आहे, आणि काही ठिकाणी आधारवर थेट चौहान झालाय. नांदेडच्या विद्यापीठाच्या नावात तीर्थमधल्या दीर्घ ई ला दोन ई आहेत, पण रामानंदच्या दीर्घ आ ला एकच ए. यातलं कोणतं चूक? कोणतंच नाही. मराठी नावाच्या इंग्रजी स्पेलिंगचा नियम शाळेत कुणाला शिकवलेलाच नाही, म्हणून जो टाइप करतो त्याचं खरं.

पुढे हेच नडतं. विद्यार्थ्याच्या अपार आयडीसाठी शाळेच्या यू-डायस नोंदीतलं आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. एक एच जास्त झाला की काम अडतं. दहावीच्या प्रमाणपत्रावर चूक राहिली तर शाळेमार्फत प्रस्ताव लातूरच्या विभागीय मंडळाकडे जातो, आणि इस्लापूरहून लातूर दोनशे किलोमीटरहून लांब आहे. शपथपत्र, राजपत्र, फोटोकॉपी, रोजगार बुडवून दोन खेपा, हे सगळं कापसाच्या वेचणीत बापाने करायचं. ज्या अक्षरासाठी शाळेत अर्धा गुण गेला, त्याच अक्षरासाठी घरातला दिवस जातो.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या लेकरांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा आहे. म्हणजे स्पेलिंग आता ग्रामपंचायतीत, पाळण्यातच ठरतं. म्हणून आईबापांना हात जोडून सांगतो: जन्माची नोंद करायला जाताना लेकराचं, स्वतःचं आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून न्या, तुमच्या आधारशी जुळवून. दाखला हातात आला की तिथेच उभं राहून एकेक अक्षर वाचा. वाचता येत नसेल तर आमच्यापैकी कुणाही मास्तरला दाखवा, सुट्टीच्या दिवशीही चालेल. आणि मास्तरांनो, पहिलीच्या प्रवेशाला तेच स्पेलिंग जनरल रजिस्टरवर मराठी नावाशेजारी लिहा, आणि लाल पेनने गोल करण्याआधी मोठं अक्षर का, हे एकदा फळ्यावर समजावून सांगा.